आमदार व्हायचंय? आधी तारीख घ्यायला शिका

नवीन वकील मंडळींनो, सनद मिळाली, कोट शिवून झाला, आता काय जन्मभर तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात उभे राहणार? विधानसभेत २८८ जागा आहेत, परिषदेत अजून ७८. कुठंतरी जमेलच की.

नावाआधीचं अॅड. सोडू नका. फ्लेक्सवर पक्षाचं चिन्ह बदलेल, अॅड. तेवढं कायम ठेवा.

रास्ता रोकोत धरलेल्या पोरांचे जामीन फुकट करा. फी मिळत नाही, बूथ सांभाळायला माणसं मिळतात, आणि केस जितकी वर्षं चालेल तितकी वर्षं ती पोरं तुमच्याच मागं.

मुख्य विद्या म्हणजे तारीख. दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलंय की सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये. हसू नका, खरंच लिहिलंय. आणि ही विद्या विधानभवनातपण वाया जात नाही. शिवसेना फुटली जून २०२२ ला, आमदारांच्या अपात्रतेच्या याचिका गेल्या विधानसभा अध्यक्षांकडे, सुप्रीम कोर्ट मे २०२३ मध्ये म्हणालं वाजवी वेळेत निकाल द्या, तरी हलेना म्हणून शेवटी मुदत घालून दिली, तीपण वाढवून घेतली, आणि १० जानेवारी २०२४ ला निकाल आला की अपात्र कोणीच नाही, ना इकडचे ना तिकडचे. अध्यक्षही वकीलच बरं का.

अधिवेशन चालू असताना आणि त्याच्या आधी-नंतर ४०-४० दिवस दिवाणी वॉरंटवर आमदाराला अटक होत नाही, हे पाठ करून ठेवा.

आणि निवडून आलात तरी वकीलपत्र सोडू नका! सुप्रीम कोर्टाने २०१८ ला सांगितलंय, आमदार म्हणजे पगारी नोकर नाही, वकिली करता येते. करता येते म्हणजे केलीच पाहिजे असं थोडंच आहे. आमच्या वाटपाच्या दाव्याचंच बघा, फी साहेबांनी आमदार व्हायच्या आधीच घेतलेली, आता डिसेंबरात साहेब नागपूरला, मार्चमध्ये मुंबईला, मधे मतदारसंघातली लग्नं आणि दहाव्याचे कार्यक्रम. दुसरा वकील लावावा तर ना हरकतीवर सही साहेबांची पाहिजे आणि सहीला साहेब सापडत नाहीत. परवा आईची उलटतपासणी होती, गुडघे धरत जिना चढली, दुपारपर्यंत बाकावर बसली, आणि ज्युनिअर येऊन मुदतीचा अर्ज टाकून गेला. मंजूर झाला, खर्चासह. तो खर्च कोणी भरला? आम्ही! गैरहजर साहेब आणि दंड आईला, वर ज्युनिअर म्हणतो काकू, साहेब सभागृहात लक्षवेधी सूचनेत अडकलेत. कसली लक्षवेधी, त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर फोटो, साहेब क्रिकेट स्पर्धेचं उद्घाटन करताहेत, हातात बॅट.

लाज वाटत नाही का हो, साहेब? मुदतीचा नियम तुम्हाला तोंडपाठ आहे, तो मोडला की म्हाताऱ्या माणसाचं काय होतं तेही रोज बघितलंय, इतकी वर्षं त्याच कोर्टात काढलीत ना! सभागृहात न्यायालयातल्या विलंबावर भाषण ठोकता आणि तो विलंब तुमच्याच सहीने चाललाय. यायचं नसेल तर कागद परत द्या, सही करा आणि मोकळे व्हा. आणि गावकऱ्यांनो, तुम्हीपण फेटे बांधून सत्काराला पळता, त्यातल्या निम्म्यांच्या फायली त्याच कपाटात पडल्यात. पुढच्या वेळी हात जोडून दारात आला की आधी फाईल मागा, मग चहा ठेवा.