जपानी छापचित्रांना ‘नक्कल’ म्हणणाऱ्यांना उत्तर

जपानी लाकडी ठशांच्या निसर्गचित्रांबद्दल एक मजकूर सध्या फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ही मूळ चित्रांची नक्कल असते, चित्रकार ती स्वतः छापतही नाही, खरं-खोटं सही-शिक्क्यावरून कळतं, रंग ताजे दिसले तर माल बनावट, आणि हा छंद कोट्यधीशांचाच. असल्या समजुतींवर विसंबून लोक चांगली चित्रं हातची घालवतात आणि भलतीच घरी आणतात, म्हणून हे लिहितेय.

आधी ‘मूळ चित्र’. जपानी चित्रकार होकुसाईचं ते जगप्रसिद्ध लाटेचं चित्र १८३१च्या सुमारास निशिमुराया योहाची या प्रकाशकाने बाजारात आणलं. होकुसाईने पातळ कागदावर रेखाटन करून दिलं. कोरणाऱ्याने तो कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवला आणि रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचं लाकूड काढून टाकलं. त्यात रेखाटन कायमचं संपलं. मग नक्कल कशाची? फळीवरून उतरलेला कागद हेच मूळ चित्र.

चित्रकार स्वतः छापत नसे, हे बहुतेक जुन्या चित्रांबाबत खरं आहे. पण त्यावरून चित्र कमअस्सल ठरवणं म्हणजे छपाई करणाऱ्याचा हात न बघणं. हिरोशिगे या दुसऱ्या जुन्या चित्रकाराच्या आकाशात माथ्यावरचा गडद निळा खाली येता येता विरून जातो. ती छटा कोरलेली नसते. छापणारा ओलसर फळीवर एका कडेला रंग घेऊन ब्रशने तो पसरवतो, वर दमट कागद ठेवतो आणि बांबूच्या वेष्टनात गुंडाळलेल्या ‘बारेन’ या चपट्या चकतीने पाठीमागून घासतो. पुढच्या प्रतीला पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एकाच ठशाच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर आकाश थोडं तरी वेगळं दिसतंच. विसाव्या शतकातल्या योशिदा हिरोशी या चित्रकाराने तर १९२६मध्ये त्याच शिडाच्या होड्या रंग बदलून सकाळी, धुक्यात, रात्री अशा वेगवेगळ्या वेळी दाखवल्या. भारतात येऊन ताजमहाल आणि फतेहपूर सिक्रीची छापचित्रं करणारा तो हाच. आपल्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतींच्या समासात तो ‘जिझुरी’ (म्हणजे ‘स्वतः छापलेलं’) हा शिक्का ठेवी.

सही-शिक्क्याचा मुद्दा सर्वांत घातक. होकुसाई-हिरोशिगेची सही फळीतच कोरलेली असते, छपाईला मंजुरी देणाऱ्या तपासनिसाचा ‘किवामे’ हा गोल शिक्काही तसाच. नव्याने ठसे कोरून छापलेल्या प्रतीवर दोन्ही जसेच्या तसे येतात. त्यापेक्षा रेषा बघा. लाटेच्या चित्रात डावीकडे वर शीर्षकाची चौकट आहे. ठसा झिजत गेला तशा त्या चौकटीच्या रेषा तुटत गेल्या. भिंग घेऊन तिथे पाहिलं की प्रत लवकरची की उशिराची याचा अंदाज येतो. विसाव्या शतकातल्या चित्रांचं गणित निराळं. कावासे हासुई या चित्रकाराच्या चित्रांवर प्रकाशक वातानाबे शोझाबुरोचा शिक्का काळानुसार बदलत गेला, त्यामुळे तिथे तो खरोखर उपयोगी पडतो. सप्टेंबर १९२३च्या टोकियोतल्या भूकंपानंतरच्या आगीत वातानाबेचे ठसे जळाले, म्हणून त्याआधीच्या प्रती दुर्मीळ. योशिदाच्या मृत्यूनंतरच्या, म्हणजे १९५०नंतरच्या प्रतींवर पेन्सिलीच्या सहीऐवजी छापील सही आढळते. अशा मागाहूनच्या प्रती किंवा नव्या ठशांवरच्या आवृत्त्या त्या नावाने विकल्या तर त्यात खोटं काही नाही. त्या पहिल्या छपाईच्या म्हणून खपवणं ही मात्र फसवणूक.

रंगांबद्दल एकच उदाहरण पुरे. स्पॉल्डिंग बंधूंनी १९२१मध्ये बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाला साडेसहा हजारांच्या आसपास छापचित्रं दिली, ती कधीही प्रदर्शनात मांडायची नाहीत या अटीवर. उजेड न लागल्याने त्यांचे रंग आजही टवटवीत आहेत. फुलांपासून केलेले जुने निळे आणि लाल रंग उजेडाने उडतात. प्रशियन निळा हा रासायनिक रंग मात्र बराच टिकतो. फिकेपणा उजेडाचा हिशेब सांगतो, वयाचा नाही. कागद मुद्दाम पिवळा करून नवं चित्र जुनं भासवणारेही असतात, तेव्हा फिकं म्हणजे अस्सल हेही मनातून काढा.

किमतीबद्दल थोडक्यात. मार्च २०२३मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात लाटेची एक प्रत सुमारे २७ लाख ६० हजार डॉलरना गेली. बातमी तिचीच होते. हासुईच्या मृत्यूनंतर छापलेल्या प्रती, किंवा हिरोशिगेच्या कमी गाजलेल्या मालिकांमधली थोडी डागाळलेली पानं काहीशे डॉलरमध्ये मिळू शकतात. ही रक्कमही लहान नाही, म्हणून घेण्याआधी विक्रेत्याकडे पाठीमागचा फोटो मागा. हाताने छापलेल्या कागदात रंग मागे झिरपलेला दिसतो, बारेनच्या घासण्याच्या खुणाही बऱ्याचदा दिसतात. समोरून भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ते यंत्रावर छापलेलं पोस्टर आहे. आणि समास कापलेत का, चित्र पुठ्ठ्यावर डकवलंय का, हे स्पष्ट विचारा.