नारय पानी, रु. ४०

माझ्या मोबाइलमध्ये घरच्यांचे फोटो कमी आणि पाट्यांचे जास्त आहेत. बायको म्हणते, हा मोबाइल कुठं हरवला तर सापडणाऱ्याला वाटेल, मालक अतिक्रमण विभागात कामाला आहे. औषध कंपनीची नोकरी. आज शिरपूर, उद्या चोपडा, परवा यावल-रावेर. मोटारसायकलवर फिरायचं आणि डॉक्टरांच्या दाराशी ताटकळत बसायचं. मग माणूस पाट्या वाचणार नाही तर काय करणार?

हे फोटो मी इथं टाकत आलोय, वर एखादी खोचक ओळ. 'शुद्धलेखनाचा मुडदा' वगैरे. तुम्ही हसता, मलाही बरं वाटतं. आज जरा त्याबद्दलच लिहितो.

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. यावलच्या अलीकडे रस्त्याला लागून निंबाच्या सावलीत एक हातगाडी. वर शहाळ्यांचा ढीग, मागे एक आजी आणि पुढे पुठ्ठा टांगलेला: 'नारय पानी रु. ४०. उधार मागू नये.' मी गाडी थांबवली, आधी फोटो काढला, मग शहाळं मागितलं. आजीनं कोयता चालवता चालवताच विचारलं, "काय रे भाऊ, फोटो कायले काढला?"

"काही नाही आजी, ते 'नारळ' पाहिजे ना, 'नारय' झालंय."

"माह्या नातीनं लिव्हलं ते. पन तुले वाचता तं आलं ना? थांबला ना तू?"

यावर काय बोलणार? शहाळं गोड होतं, मी गप्प प्यालो.

खरं सांगायचं तर मला बोलायचा हक्कच नव्हता. मी अमळनेर तालुक्यातल्या खेड्यातला, घरात अहिराणी. आमच्याकडे 'ळ' नावाचं अक्षर पुस्तकात राहतं, तोंडात येत नाही. डोळ्याला डोया, काळ्याला काया, फळाला फय. पहिलीत गुरुजी फळ्यावर छडी आपटून 'क कमळाचा' म्हणायचे आणि आम्ही चाळीस पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायचो, 'क कमयना!' मग छडी फळ्यावरून आमच्या हातावर. त्या छडीचा मी इतका धसका घेतला की चौथीत 'माझा आवडता प्राणी' या निबंधात लिहिलं, 'आमच्याकडे एक गाळ आहे. गाळ दूध देते.' म्हटलं, 'य' दिसला की 'ळ' करून टाका, मार तरी वाचेल! ती वही आईनं बरीच वर्षं जपून ठेवली होती. तिला त्यातली गंमत कळलेली नव्हती, तिला वाटायचं पोरगं शुद्ध लिहितं.

तर असा मी, आणि मी दुसऱ्यांच्या पाट्यांवर हसतोय.

आमच्याकडचं हे प्रकरण गावांच्या नावांपर्यंत पोचलेलं आहे. रेल्वेची हिंदी घोषणा 'भुसावल' म्हणते, मराठीत 'भुसावळ' असतं आणि डब्यातली माणसं सामान आवरताना म्हणतात, "चला, भुसावय आलं." एक गाव, तीन उच्चार, उतरायला कुणी चुकत नाही. जळगावचं जयगाव होतं. हायवेवर तर उच्चाराचाही प्रश्न नाही, सरळ आकडाच वेगळा. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर रस्त्याला २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ असा नवा नंबर मिळाला, बोर्डही तसे लागले, पण ढाब्यावर पत्ता विचारा, अजून 'सहा नंबरनी जा' असंच सांगणारे भेटतील. मुक्ताईनगरला जुनी माणसं एदलाबादच म्हणतात.

आणि जळगावची सगळ्यात थोर पाटी विद्यापीठाची. २०१८ मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. असोद्याच्या लेकीचं नाव विद्यापीठावर लागलं, आणि त्या बाईला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात काम करता करता जी गाणी सुचली, ती सोपानदेवांनी, त्यांच्या मुलानं, कागदावर उतरवली. आईच्या तोंडात होती तशीच, लेवा बोलीत, 'ळ'चे 'य' तसेच ठेवून. सोपानदेवांनी माझ्यासारखा लाल पेन हातात घेतला असता तर काय उरलं असतं, याचा विचार मी त्या निंबाखाली बसून केला. (एरवी मी निंबाखाली बसून टार्गेटचा विचार करतो.)

पण म्हणून सगळ्याच पाट्यांना माफी आहे असं समजू नका. त्याच बहिणाबाईंच्या जयंतीला चौकात वीस फुटी फ्लेक्स लागतो, आणि वर 'कवियत्री'! खाली पंधरा इच्छुक उमेदवारांचे हात जोडलेले फोटो, त्याखाली 'आपला आर्शिवाद असू द्या'. त्या रफाराचा प्रवास मी वर्षानुवर्षं बघतोय, 'शी'वरून उठून तो अजून 'व'वर जायला तयार नाही. हा कुणाच्या आजीचा उच्चार नाही. अहिराणीत नाही, लेवा बोलीत नाही, कुठंच नाही. एवढा पैसा ओतून छापायच्या आधी एकदा वाचायचा कंटाळा, बस. आजीच्या नातीनं कानाला ऐकू आलं ते लिहिलं. यांनी काहीच ऐकलेलं नाही. इथं मी हसणार, आणि जोरात हसणार.

मराठी पाट्यांच्या कायद्याचं तर आमच्याकडे वेगळंच झालं. २०२२ च्या दुरुस्तीनं सगळ्याच दुकानांना देवनागरीत मराठी नाव बंधनकारक झालं, दारूच्या दुकानांना थोर पुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं द्यायला बंदी आली. मुंबईत त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. आमच्या गल्लीत सगळ्यांचे बोर्ड आधीपासूनच देवनागरीत, त्यावर लिहिलेलं काय, तर 'न्यू फॅशन मेन्स वेअर अँड सूटिंग शर्टिंग'. लिपी शंभर टक्के, मराठी शोधून दाखवा.

मला सगळ्यात मजेशीर वाटतं ते हे की दुकानाच्या पाटीवर अहिराणी सहसा दिसत नाही. गल्ल्यावरचा माणूस दिवसभर 'काय पाहिजे भो' म्हणतो, पाटी मात्र 'ग्राहकांचे सहर्ष स्वागत'. अहिराणी वाचायची तर गाड्यांच्या मागे लागावं लागतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर 'माय-बापना आशीर्वाद' (बघा, रफार जागेवर!), पिकअपच्या फळीवर 'खान्देशना वाघ', आणि धुळ्यात एका रिक्षाच्या मागे, 'घाई शे ते उडी जाय'. पाटी लावताना आपण पाहुण्यासमोर बसतो, गाडी रंगवताना आपल्या ओट्यावर बसलेलो असतो. घरच्या बोलीची अशी लाज आपल्याला कुणी शिकवली? माझ्यापुरतं उत्तर त्या छडीत आहे.

अक्षरांशिवायही बरंच काही दिसतं. कुत्र्यांनी दारात घाण करू नये म्हणून ओट्यावर ठेवलेल्या लाल पाण्याच्या बाटल्या, ज्यांना टेकून कुत्रं निवांत झोपलेलं असतं. रानडुकरांसाठी शेताच्या बांधाला बांधलेल्या जुन्या साड्या. रावेरकडे केळीच्या बागेत घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या असतात. पहिल्यांदा बघणाऱ्या माझ्या पुण्याच्या साडूनं विचारलं होतं, "केळी निळी होतात का रे तुमच्याकडे?"

गेल्या आठवड्यात पुन्हा यावलला जाणं झालं. आजी तिथंच, निंबही तिथंच, पुठ्ठा मात्र नवा. मला बघून आजी म्हणाली, "पाय, तुह्या म्हन्यावरून नातीले सांगून दुरुस्त केलं." मी वाचलं.

'नारळ पाणी रु. ५०. उधार मागू नळे.'

"आता बरोबर आहे ना रे भाऊ?"

"एकदम बरोबर, आजी," मी म्हटलं, आणि मोबाइल खिशातच ठेवून एक नारय मागितला.