गरम झाल्यावर लागतो

आमचा टीव्ही एखाद्या दिवशी सरळ बंद पडला असता तर बरे झाले असते, कारण बंद पडलेल्या वस्तूचा आमच्या घरात लगेच निकाल लागतो. तो बंद पडला नाही. उशिरा लागू लागला. रिमोटचे बटण दाबले की खालचा लाल दिवा लुकलुकायचा, आतला रिले, म्हणजे वीज जोडणारा छोटा खटका, 'टक्' करायचा, थोडा विचार करून पुन्हा 'टक्' करायचा आणि बऱ्याच टकटकीनंतर पडद्यावर चित्र उमटायचे. सुरुवातीला हा विलंब कपभर चहा संपण्याइतकाच होता. पुढे पावसाळा लागला, कोल्हापूरच्या पावसाची ओल भिंतींत उतरली आणि टीव्हीचा आळस वाढत गेला.

आमच्या घरच्यांचा मोठा गुण असा की ते दोष दूर करीत नाहीत, त्याला दिनक्रमात जागा करून देतात. आई संध्याकाळच्या मालिकेआधी, बंब पेटवावा तसा, अर्धा तास अगोदर टीव्ही लावून ठेवू लागली. पाहुण्यांना "गरम झाल्यावर लागतो" असे इतक्या सहजपणे सांगितले जाई, की सगळ्यांचेच टीव्ही असे लागत असावेत असे वाटावे. मुलीने तर याहून पुढची मजल मारली. केस वाळवायचा ड्रायर टीव्हीच्या पाठीमागच्या जाळीवर धरला की टीव्ही लवकर लागतो, हा शोध तिचाच. त्यानंतर ड्रायरवर पहिला हक्क कोणाचा, यावरून आजी आणि नात यांच्यात रोज तंटा होऊ लागला, आणि मालिका सुरू होण्याच्या सुमारास न्हायचे नाही असा नियम घरात करावा लागला.

दुरुस्तीची बोलणी झाली नव्हती असे नाही. एका कारागिराने टीव्हीला हातही न लावता "पॅनेल गेलं" असे निदान केले. दुसऱ्याने अख्खा पॉवर सप्लाय बोर्ड बदलायला सांगितला. एका दुकानदाराने जुना टीव्ही घेऊन नवा देण्याची तयारी दाखवली. त्या व्यवहारात आमच्या टीव्हीची जी किंमत ठरली ती ऐकून आईने दुसऱ्या दिवशीपासून त्याच्यावर नवे आच्छादन घातले.

अखेर शेजारच्या आण्णांच्या कानावर ही गोष्ट गेली. आण्णांची सारी हयात शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर गेली असून निवृत्तीनंतर गल्लीतला एकही मिक्सर त्यांच्या हातून सुटलेला नाही. त्यांनी टीव्हीकडे न पाहता ड्रायरकडे पाहिले.

"ह्यो मारला की लागतोय न्हवं? मग कंडेन्सर गेलाय, मास्तर. पॅनेलला काय धाड भरलीया?"

ड्रायरच्या झोताने त्यांना एवढे कसे सांगितले, हे मला त्यांच्या हाताखाली उमेदवारी करताना समजले. टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये घरातली २३० व्होल्टची वीज आधी एकदिश होते आणि वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे आण्णांच्या कंडेन्सरवर, सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. मग ती वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून काढतात आणि पलीकडे ५, १२ किंवा २४ असे सौम्य व्होल्ट मिळवतात. पलीकडच्या त्या बाजूला जे लहान कपॅसिटर असतात, त्यांच्यातला द्रव बोर्डाच्या उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातो. थंड असताना त्यांचा अंतर्गत रोध इतका वाढतो की त्यांच्याकडून काम होत नाही. ऊब मिळाली की तात्पुरती हुशारी येते. तेव्हा आई रोज अर्धा तास मेलेल्या कपॅसिटरला शेक देत होती, असे म्हणायला हरकत नाही.

रविवारी पलंगावर दुहेरी घोंगडी अंथरून टीव्ही पालथा निजवण्यात आला. पाठ उघडण्याचे काम माझ्याकडे होते. दिसणारे स्क्रू काढणे सोपे. न दिसणारा एक स्क्रू नेहमी कंपनीच्या चिकटपट्टीखाली दडलेला असतो आणि तो सापडेपर्यंत प्लास्टिकच्या कडा करकरत राहतात. पाठ निघाल्यावर मी उत्साहाने हात पुढे केला, तोच आण्णांनी काठी आडवी धरली. प्लग काढला तरी त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये माणसाला फेकून देण्याइतकी वीज शिल्लक असू शकते. काही मंडळी तिथे स्क्रू ड्रायव्हर लावून ठिणगी पाडतात. आण्णांना तो पोरकटपणा मान्य नाही. त्यांनी होल्डरमधल्या ६० वॉटच्या बल्बच्या दोन तारा कपॅसिटरच्या पायांना लावल्या. बल्ब क्षणभर उजळला आणि विझला. मग मीटरने शून्य पाहिले, तेव्हा काठी बाजूला झाली.

गुन्हेगार शोधावा लागला नाही. चांगल्या कपॅसिटरचा माथा सपाट असतो आणि त्यावर फुलीसारख्या खाचा असतात, म्हणजे आत वाफ कोंडली तर तो धडपणे तिथूनच फुटावा. रांगेतल्या दोघांचे माथे टम्म फुगले होते आणि एकाच्या खाचेतून तपकिरी खरड बाहेर आली होती. दोघांवर १००० मायक्रोफॅरड आणि १६ व्होल्ट असे छापले होते. राजारामपुरीतल्या दुकानात मी तेवढेच मागितले. दुकानदाराने "पंच्याऐंशी डिग्री का एकशे पाच?" असे विचारले, तेव्हा आण्णांनी पढवून पाठवल्याचा उपयोग झाला. १०५ अंशांपर्यंतची उष्णता सोसणारेच, कमी रोधाचे आणि व्होल्ट वाढवून २५ चे घेतले. फॅरड तेवढेच ठेवायचे, व्होल्ट वरचे चालतात. त्यांची किंमत इतकी किरकोळ निघाली की बोर्ड बदलायला सांगणारा कारागीर मला आठवला आणि रस्त्यात उगीच राग आला.

जुने कपॅसिटर काढताना जुना सोल्डर, म्हणजे जोडाचा डाख, काही केल्या वितळेना. आण्णांनी त्याच्यावरच नव्या सोल्डरचा थेंब चढवायला लावला. नवा वितळला आणि जुन्यालाही घेऊन गेला. नवे बसवताना पट्टीची बाजू म्हणजे ऋण, हे त्यांनी माझ्याकडून परीक्षेसारखे वदवून घेतले. मी शिक्षक असल्याचा त्यांना त्या दिवशी विशेष आनंद झालेला दिसला.

पहिली चाचणी सिरीज बल्बवर, म्हणजे बल्बमधून टीव्हीला वीज देऊन. बल्ब एकदम पेटून मंदावला तर ठीक, लखलखत राहिला तर शॉर्ट. तो मंदावला. मग थेट वीज दिली आणि रिलेने एकच 'टक्' केला.

"आता तासभर असाच उघडा चालू दे. आणि ह्या बाजूला कुणी फिरकायचं न्हाई," असे बजावून आण्णा काठी घेऊन पलंगाच्या कडेला बसले. टीव्ही पालथाच होता. घोंगडीच्या कडेने निळसर उजेड झिरपत होता आणि गादीतून दबका आवाज येत होता. इतक्यात मालिकेची वेळ झाली. आई खुर्ची ओढून टीव्हीच्या पाठीसमोर, काठीच्या टप्प्याबाहेर बसली. पाठोपाठ सौभाग्यवती आल्या, मग आण्णांच्या घरच्या काकूही आल्या. उघड्या बोर्डाकडे टक लावून तिघींनी सासू कोणाशी काय बोलली ते ऐकले. सून रडली तेव्हा काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

तास संपला. आण्णांनी समाधानाने मान हलवली आणि मी टीव्ही सरळ करायला उठलो.

"थांब रे, एवढं संपू दे," आई म्हणाली. "बघण्यासारखं हाय काय त्यात?"