राज्यघटना नंतर लिहा, आधी बटण कुणाकडे आहे ते बघा

नाशिकच्या भाच्याने गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. खाली एकच ओळ : "मामा, जरा बघ ना, पण हसू नको."

उघडून बघतो तर राज्यघटना. प्रस्तावनेसकट ६१ कलमं. अकरावीतल्या सात मुलांनी मिळून डिस्कॉर्डवर (ग्रुप करून गप्पा मारायचं ॲप) एक देश काढलाय. राष्ट्रपती आहे, पंतप्रधान आहे, दोन सभागृहं आहेत (सात जणांत!), सर्वोच्च न्यायालय आहे आणि आणीबाणीची तरतूदही आहे. राष्ट्रगीताचं स्वतंत्र परिशिष्ट आहे, आणि ते खरंच बरं जमलंय.

मी हसलो नाही. हसायला मला तोंडच नाही. पोस्ट जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

२०११ साली, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना, आम्ही हॉस्टेलवरच्या पाच जणांनी हाच उद्योग केला होता. तेव्हा डिस्कॉर्ड नव्हतं, आम्ही नेशनस्टेट्स या ऑनलाइन खेळात होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॅक्स बॅरी नावाच्या ऑस्ट्रेलियन लेखकाने नोव्हेंबर २००२ मध्ये आपल्या येणाऱ्या कादंबरीची जाहिरात म्हणून हा खेळ सुरू केला. तुम्ही एक राष्ट्र काढायचं, त्याला नाव, झेंडा आणि चलन द्यायचं. रोज समोर प्रश्न येतात, त्यांवर निर्णय घ्यायचे, आणि त्या निर्णयांप्रमाणे तुमचं राष्ट्र बदलत जातं. कादंबरी येऊन गेली, खेळ अजून चालू आहे.

पण त्यातला खरा खेळ राष्ट्रांत नाही, रीजनमध्ये आहे. अनेक राष्ट्रं मिळून एक रीजन होतो. रीजन काढणारा तो फाउंडर. त्याशिवाय एक डेलिगेट असतो. वर्ल्ड असेंब्लीची (खेळातली संयुक्त राष्ट्रसंघासारखी सभा) सदस्य असलेली राष्ट्रं आपल्याच रीजनमधल्या दुसऱ्या सदस्याला एंडोर्समेंट, म्हणजे पाठिंबा, देतात, आणि ज्याच्याकडे सगळ्यात जास्त एंडोर्समेंट तो डेलिगेट. माणूस कितीही राष्ट्रं काढू शकतो, पण वर्ल्ड असेंब्लीत एका माणसाचं एकच राष्ट्र चालतं. आता तेव्हाची बटणं बघा. फाउंडर कुणालाही रीजनमधून हाकलू शकायचा, बॅन करू शकायचा, पासवर्ड लावू शकायचा. डेलिगेटला यातलं काय करता येईल, हे फाउंडर ठरवायचा. आणि फाउंडरच उरला नाही, तर सगळी सूत्रं डेलिगेटकडे जायची.

एवढ्यावर रीजन चालतो. बाकी सगळं, म्हणजे संसद, मंत्रिमंडळ, न्यायालय, निवडणुका, हे खेळाडूंनी आपापसांत ठरवलेलं असतं. खेळाच्या सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो.

आमच्या घटनेत ४३ कलमं होती. तीन रात्री जागून लिहिली. पंतप्रधानाच्या शपथेचा मजकूर होता, अविश्वास ठरावाची मुदत होती, अल्पसंख्याकांचे हक्क होते. रीजनमध्ये चौदा राष्ट्रं होती आणि त्यांमागे माणसं पाच, तेव्हा अल्पसंख्याक कोण हे विचारू नका. मात्र एक गोष्ट कुठेच लिहिलेली नव्हती : फाउंडरने २८ दिवसांत एकदा तरी लॉगइन करावं.

कारण नेशनस्टेट्सवर २८ दिवस फिरकलं नाही की राष्ट्र संपतं. सेटिंग्जमध्ये सुट्टीची खूण केली तर ६० दिवस मिळतात. आमच्या फाउंडर मित्राला प्लेसमेंट मिळाली, ट्रेनिंगला तो दक्षिणेत गेला आणि राष्ट्र विसरला. विसरणं स्वाभाविक होतं, पहिला पगार यायचा होता. संपलेलं राष्ट्र परत जिवंत करता येतं, पण त्याला पासवर्ड आठवेना. आणि ईमेल दिलेला होता कॉलेजचा. कॉलेजने शेवटची परीक्षा होताच तो बंद करून टाकला होता.

पुढचं सांगायला नकोच, तरी सांगतो. या खेळात रेडर नावाची जमात आहे. बिनफाउंडरचे रीजन शोधून बळकावणं हा तेव्हा त्यांचा धंदा. दिवसातून दोनदा खेळाचा अपडेट होतो, तेव्हाच एंडोर्समेंट मोजल्या जाऊन डेलिगेट ठरतो. मोठा अपडेट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मध्यरात्रीच्या सुमाराला, म्हणजे आपल्याकडे सकाळी, लेक्चर चालू असताना. अपडेटच्या काही क्षण आधी सात परकी राष्ट्रं आमच्याकडे आली आणि सहांनी सातव्याला एंडोर्समेंट दिल्या. आमच्या डेलिगेटकडे होत्या दोन. दुपारी मेसमधून येऊन बघतो तर दर्शनी पाटीवर दुसऱ्यांचा झेंडा आणि खाली आमची टिंगल. संध्याकाळपर्यंत नवी राष्ट्रं एकेक करून बाहेर. माझं राष्ट्र सगळ्यात जुनं म्हणून चार दिवस टिकलं.

जुनं म्हणून का टिकलं, त्यात मला वाटतं सगळ्या विषयाची किल्ली आहे.

खेळ नवा होता तेव्हा अशा चढायांना आळा घालायला मॉडरेटर, म्हणजे खेळावर देखरेख ठेवणारी माणसं, होते. किती स्थानिकांना हाकललं म्हणजे गुन्हा, मुळात स्थानिक म्हणजे कोण, हे माणसं बसून ठरवायची. स्थानिकाची व्याख्या लिहून बघा एकदा. (महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.) रोज तक्रारी, रोज अर्थाचे कीस. २००६ मध्ये त्यांनी ते नियमच मोडीत काढले आणि 'इन्फ्लुअन्स' आणला. जितके दिवस तुम्ही रीजनमध्ये राहता, जितक्या एंडोर्समेंट असतात, तितका तुमचा इन्फ्लुअन्स साठतो. डेलिगेटने कुणाला हाकललं की त्याचा स्वतःचा इन्फ्लुअन्स खर्च होतो, आणि माणूस जितका मुरलेला तितका खर्च जास्त. व्याख्या नाही, तक्रार नाही, सुनावणी नाही. हाकलणं महाग करून ठेवलं, बस्स.

मला हा गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या चांगल्या कायद्यांपैकी एक वाटतो, आणि मी यात खरे कायदेही धरतोय.

म्हणून भाच्याला माझं पहिलं म्हणणं हे की घटनेत तत्त्वं नंतर लिही, आधी बटणांची यादी कर. तुमच्या डिस्कॉर्ड सर्व्हरचा, म्हणजे त्या ग्रुपचा, मालक कोण? सर्व्हर पुसून टाकायचं बटण फक्त मालकाकडे असतं, आणि मालकाला कुणी काढू शकत नाही. तुमच्या कलम ९ प्रमाणे राष्ट्रपतीला महाभियोग लावता येतो. लावा. पण राष्ट्रपतीच सर्व्हरचा मालक असेल तर तो महाभियोगाचं चॅनेलच उडवेल, आणि तुमचं सर्वोच्च न्यायालय त्याच सर्व्हरवर असल्यामुळे तेही त्याच्याबरोबर जाईल.

हे हवेतलं नाही. नेशनस्टेट्समध्ये काही मोठे रीजन खेळानेच तयार केलेले आहेत. नवी राष्ट्रं तिथेच जन्मतात आणि त्यांना फाउंडर नसतोच. त्यातल्या 'द पॅसिफिक'मध्ये २००३ साली फ्रँकोस स्पेन नावाच्या राष्ट्राने डेलिगेटपद घेतलं आणि विरोधकांना धडाधड बाहेर काढलं. वर त्याचं तत्त्वज्ञानही मांडलं. त्या सत्तापालटावर जुने खेळाडू अजूनही भांडतात. नियम मोडला का? खेळाचा एकही नाही. डेलिगेटला बटण होतं, त्याने दाबलं.

'द नॉर्थ पॅसिफिक'ने याच्यावर जो उपाय काढला तो मला आवडतो. त्यांच्याकडे घटना आहे, हक्कांची सनद आहे, विधिमंडळ आहे, न्यायालय आहे, आमच्या ४३ कलमांत होतं ते सगळंच. पण त्यांनी एक सुरक्षा परिषदही ठेवलीय. तिच्यात जुनी, विश्वासातली राष्ट्रं असतात, आणि आत यायला भरपूर इन्फ्लुअन्स आणि भरपूर एंडोर्समेंट लागतात. उद्या निवडून आलेला डेलिगेट फिरला, तर या लोकांना हाकलता हाकलता त्याचा इन्फ्लुअन्स आटेल, आणि तोवर त्यांच्यापैकी कुणी एंडोर्समेंटमध्ये त्याच्या पुढे जाईल. म्हणजे कागदावरच्या कलमामागे खेळातलं वजन उभं केलंय. कलम एकटं सोडलेलं नाही.

आमच्यासारख्या फाउंडर-गमावलेल्यांसाठीही खेळाने सोय केली, फक्त वीसेक वर्षं लावली : आता रीजनची सर्वोच्च सूत्रं रीतसर दुसऱ्याच्या हाती देता येतात. आमचा मित्र आता दोन मुलांचा बाप आहे. त्याला हे कळवलं तर त्याने अंगठा पाठवला.

यावर एक मित्र नेहमी म्हणतो, "मग घटना कशाला? बटणवाल्याचं राज्य म्हणा आणि मोकळे व्हा." नाही पटत. बटणवाला स्वतःहून हात आवरतो असंही घडतं, आणि तेव्हा कागद लागतोच. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ साली आपल्या ७२ गावांच्या संस्थानाला स्वराज्याची घटना दिली. गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन हा पोलिश इंजिनिअर त्यात होता, राजपुत्र आप्पासाहेब पंत होते. संस्थानातली सगळी बटणं तेव्हा राजाकडे होती. त्यांनी गावागावांत पंचायती बसवल्या आणि वरपर्यंत कारभार त्यांच्यातून उभा केला. सही करून बटणं आपल्याच खिशात ठेवली असती तर औंधचं नाव आज सूर्यनमस्कारापुरतंच उरलं असतं.

(आमच्या सोसायटीचा बिल्डर हे वाचत असेल तर त्याने कन्व्हेयन्सचा (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर करून देण्याचा) विचार करावा. फाउंडर तोही आहे, आणि २८ दिवसांत एकदा लॉगइन करायची सवय त्यालाही नाही.)

दुसरं म्हणणं थोडं गंभीर आहे. खेळातला गुन्हा आणि माणसाचा केलेला छळ, या दोन गोष्टी एकाच न्यायालयात नेऊ नका. नेशनस्टेट्सचे मॉडरेटर सत्तापालटात पडत नाहीत. फितुरी करा, हेर घुसवा, मित्राची खुर्ची ओढा, खेळ आहे. पण कुणाला शिव्या घातल्या, कुणाच्या खऱ्या आयुष्यातली माहिती उघड केली, वर्ल्ड असेंब्लीत दोन राष्ट्रं घुसवली, तर मॉडरेटर येतो आणि तिथे वकिली चालत नाही. ही भिंत हवी. भाच्याच्या घटनेत कलम ४४ आहे : 'राष्ट्राचा अपमान करणाऱ्यास सात दिवस म्यूट.' आता वर्गातल्या एखाद्या मुलीचा फोटो कुणी टाकला, तर तोही याच कलमाखाली सात दिवस म्यूट होणार का? आणि ते ठरवणार कोण, तर फोटो टाकणाऱ्याच्या पक्षाचा सरन्यायाधीश? असलं काही झालं तर त्या दिवशी तुम्ही राष्ट्र नसता, सात मुलं असता, आणि सरळ मोठ्या माणसाला फोन करायचा. हे मी त्याला फोनवर जरा चढ्या आवाजात सांगितलं. ताईने मधेच फोन घेऊन "काय झालं?" विचारलं. काही झालेलं नाही, घटना चाललीय, म्हटलं.

बाहेरचं जग मात्र कधी कधी आत येतंच. वर्ल्ड असेंब्लीचं नाव आधी चक्क 'युनायटेड नेशन्स' होतं. जानेवारी २००८ मध्ये खऱ्या संयुक्त राष्ट्रांकडून मॅक्स बॅरीला पत्र आलं, आमचं नाव आणि चिन्ह वापरणं थांबवा. त्याने १ एप्रिलला नाव बदललं. लोकांना वाटलं एप्रिल फूल. जगातल्या इतक्या राष्ट्रांनी संयुक्त राष्ट्रांचं ऐकलं नसेल, याने ऐकलं.

आणि कलमं कमी करा रे. ६१ कलमं सात जणांपैकी किती जणांनी वाचलीत, असं विचारलं तर उत्तर आलं, "दोघांनी. मी आणि ज्याने टाइप केलं तो." आमच्याकडेही असंच होतं. अविश्वास ठरावावर आम्ही एक अख्खी रात्र भांडलो आणि पुढे अविश्वास ठराव कधीच आला नाही. आली ती परीक्षा, नोकरी, कंटाळा. असले खेळ सत्तापालटाने क्वचित मरतात, लोक यायचे बंद होतात म्हणून मरतात. मतदानाला दोन तृतीयांश उपस्थिती लागेल असं लिहून ठेवलं आणि बारावी सुरू झाली, की देश आपोआप ठप्प. कोण किती दिवस आला नाही म्हणजे गणपूर्तीत धरायचा नाही, आणि मालक गेला तर चावी कुणाकडे, ही दोन कलमं आधी लिहा. उरलेली गरज पडेल तशी.

काल रात्री नवा मसुदा आला. ११ कलमं. दुसरं सभागृह बरखास्त, आणीबाणी गेली, कलम ४४ खोडलंय, राष्ट्रगीत शाबूत. सर्व्हरची मालकी कुणाकडे द्यायची यावर मतदान चालू आहे. चौघांनी मत दिलंय, तिघांचा क्लास आहे.