डॅशकॅमची वायर: चावी काढा, चहा घ्या, मग मोजा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक मेसेज फिरत फिरत आला. तुमच्याकडेही आला असेल. डॅशकॅम (काचेला लावायचा, रस्त्याचं रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा) बसवायला हजार-पंधराशे घालवू नका, पाच मिनिटांत घरच्या घरी बसवा, असा त्याचा मथळा. कृती साधारण अशी: फ्यूजबॉक्स उघडा, टेस्टर लावत जा, चावी फिरवल्यावर जिथे पेटतो आणि काढल्यावर विझतो तो फ्यूज पकडा. वायरीचं टोक सोला, त्या फ्यूजच्या पायाला गुंडाळा, फ्यूज परत खोचा. धाकधूक वाटत असेल तर मोठा फ्यूज घाला. काळी वायर कुठल्याही स्क्रूखाली दाबा. आणि गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग हवं असेल तर सरळ बॅटरीवर जोडा, एवढासा कॅमेरा खाऊन खाऊन खाणार किती!

यातलं जे खरं आहे ते आधीच कबूल करतो. काम अवघड नाही. माझ्या दोन गाड्यांत आणि शेजारपाजारच्या चार-पाच गाड्यांत मी ते केलंय, आणि मी काही ऑटो इलेक्ट्रिशियन नाही. पण मेसेजमधली जवळजवळ प्रत्येक पायरी कुठे ना कुठे घसरते, आणि दोन ठिकाणी वाईट घसरते.

सुरुवात टेस्टरपासून. मेसेज वाचून शेजारचा मुलगा पार्किंगमध्ये स्टिअरिंगखाली डोकं घालून बसला होता. हातात घरातला टेस्टर, तोच लाल दांड्याचा, ज्याच्या टोपीवर बोट ठेवतो. "काका, एकाही फ्यूजला करंट नाहीये. बॅटरी गेली वाटतं." बॅटरी ठणठणीत होती. त्या टेस्टरमधला निऑनचा दिवा घरातल्या २३० व्होल्टसाठी असतो. ६०-७० व्होल्टच्या खाली तो पेटायचं नावच घेत नाही. गाडीत असतात १२. म्हणजे मेसेजची पहिलीच पायरी तिथे बाद. गॅरेजमध्ये 'टेस्टर' म्हणतात तो टोकदार खिळा आणि चिमटा लावलेला १२ व्होल्टचा टेस्टिंग बल्ब. तो चांगला, पण तो स्वतःच बऱ्यापैकी करंट ओढतो, म्हणून एअरबॅग आणि ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) वायरींच्या आसपास त्याला फिरकू द्यायचं नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. काळी पिन बॉडीच्या धातूला, लाल पिन फ्यूजच्या डोक्यावर. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे ठेवलेले असतात, ते याचसाठी. फ्यूज उपसावाही लागत नाही.

आता दुसरी पायरी: चावी काढल्यावर विझतो तो स्विचचा करंट. ऐकायला बरोबर, पण हल्लीच्या गाड्या चावी काढल्याबरोबर झोपत नाहीत. पॉवर विंडो थोडा वेळ चालू राहतात, केबिनचा दिवा हळूहळू मंद होतो, आतला कंट्रोल मॉड्यूल काही मिनिटं जागा असतो आणि त्याच्या हाताखालचे काही फ्यूजही जिवंत राहतात. चावी काढून लगेच मोजलं तर जो फ्यूज प्रत्यक्षात बंद होणारा आहे तो 'डायरेक्ट', म्हणजे कायम चालू, वाटतो. उलटंही होतं: झोपल्यावर शून्य दाखवणारा एखादा फ्यूज दार उघडलं किंवा रिमोट दाबला की परत जागा होतो, आणि कॅमेरा चावी नसतानाच सुरू होतो.

यात गंमत अशी की बहुतेक गाड्यांत फ्यूजबॉक्स ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी. तो मोजायचा तर दार उघडं हवं, आणि दार उघडं असेपर्यंत गाडी काही पूर्ण झोपत नाही. यावर उपाय आहे. दार उघडंच ठेवा आणि दाराच्या कडेचं लॅच स्क्रूड्रायव्हरने 'खट्' करून बंद करा. गाडीला वाटतं दार लागलं. मग रिमोट घेऊन घरात जा, चहा घ्या, अर्ध्या तासाने येऊन मोजा. बटण स्टार्टची गाडी असेल तर चावी खिशात ठेवून जवळ घुटमळू नका, काही गाड्या तेवढ्यानेही जाग्या होतात. आणि काम संपल्यावर हँडल ओढून लॅच सोडायला विसरू नका, नाहीतर दार आपटलंत की लॅच वाकलंच समजा.

पुढे, चावी 'ऑन' करून एकदा आणि इंजिन सुरू करताना एकदा असं दोनदा बघा. स्टार्टर फिरताना अॅक्सेसरीचे फ्यूज क्षणभर बंद पडतात. कॅमेऱ्याच्या दृष्टीने ते चालतं, तो परत उठतो. पण दर वेळी 'सुरू-बंद-सुरू' का होतंय म्हणून कॅमेरा परत करायला निघू नका.

मोजून सापडलेला प्रत्येक फ्यूज आपला नसतो, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. झाकणावरचा तक्ता वाचा. एअरबॅग, एबीएस, ईसीयू, फ्युएल पंप, हेडलाइट यांना हात लावायचा नाही, मग ते कितीही सोयीच्या जागी असोत. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला तर मीटरची पिनसुद्धा नको. चार्जिंग सॉकेट, म्युझिक सिस्टीम, मागचा वायपर अशांपैकी एखादा घ्या, जो गेला तर प्रवास थांबत नाही. सॉकेट काही गाड्यांत चावीवर असतं, काहींत कायम चालू, म्हणून मोजल्याशिवाय त्यावरही विश्वास नको. 'फ्यूज नको, ओबीडीच्या कपलरमध्येच (मेकॅनिक स्कॅनर लावतो तिथे) खोचा' अशीही त्या मेसेजची एक धाकटी आवृत्ती फिरते. ओबीडीची १६ नंबरची पिन बॅटरीचा कायमचा करंट देते, ते मानकातच आहे. तिथून स्विचचा करंट शोधणं म्हणजे नळ बंद न होणाऱ्या टाकीवर बादली लावणं.

आता वायर गुंडाळण्याबद्दल. इथे मी स्वतः फजिती करून घेतलेली आहे, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या हॅचबॅकमध्ये मी नेमकं हेच केलं होतं. तांब्याच्या चार-पाच तारा वायपरच्या फ्यूजच्या पायाला गुंडाळल्या, दाबून बसवलं, कॅमेरा सुरू, मी खूश. पावसाळ्यात वाईला निघालो, आणि खंबाटकी घाट चढताना वायपर अर्ध्या काचेवर थांबले. पाऊस कसला, नुसत्या बादल्या ओतत होत्या. कडेला घेऊन फ्यूज तपासला तर जळलेला नव्हता. दाबला की वायपर चालायचे, सोडला की बंद. गुंडाळलेल्या तारांनी खाचेतली पितळी क्लिप फाकवली होती. फ्यूज सैल बसला होता, सैल जागी उष्णता झाली होती, आणि भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं. आठ अॅम्पिअर वाहून नेणारी क्लिप सैल झाली की ती फ्यूजच्या आधी तापते, आणि फ्यूजला त्याचा पत्ताच नसतो; करंट तर नेहमीएवढाच असतो ना! क्लिप बदलायला मला पुढे जो खर्च आला त्यात दोन डॅशकॅम बसवून झाले असते.

यासाठी फ्यूज टॅप नावाची चीज मिळते, शंभर-दोनशे रुपयांत. मूळ फ्यूजच्या जागी ती बसते. तिच्यात दोन खाचा, खालच्यात मूळ फ्यूज, वरच्यात तुमचा, आणि बाहेर एक वायर. मात्र विकत घेण्याआधी आपल्या गाडीतला फ्यूज उपसून बघा. साधा, मिनी, बुटका मिनी आणि मायक्रो असे निरनिराळे आकार असतात, आणि चुकीचा टॅप ठोकून बसवला की परत क्लिप फाकलीच.

टॅप उलटाही बसतो, आणि उलटा बसूनही कॅमेरा चालतो, म्हणून चूक कळत नाही. फ्यूज उपसा, चावी ऑन करा, खाचेच्या दोन्ही क्लिपांना मीटर लावा. एकीवर १२ व्होल्ट येतील, दुसरीवर काही नाही. टॅपच्या ज्या पायातून नव्या फ्यूजकडे वाट जाते तो पाय करंटच्या बाजूला हवा. तसा असला की दोन्ही फ्यूजना आपापला करंट वेगळा मिळतो. उलटा बसवला तर तुमच्या कॅमेऱ्याचा करंटही मूळ फ्यूजमधूनच जातो, आणि तुमच्या वायरीत बिघाड झाला तर त्या बिचाऱ्यालाही सोबत घेऊन जाऊ शकतो.

'मोठा फ्यूज घाला, म्हणजे सेफ' हे वाचून मी कपाळावर हात मारला. मेसेजमधली सगळ्यात धोक्याची ओळ हीच. फ्यूज कॅमेऱ्याला वाचवायला नसतो, तो वायरीला वाचवतो. डॅशकॅमच्या किटची वायर शेवयांएवढी बारीक. कॅमेऱ्याला ५ व्होल्टवर २ अॅम्पिअर लागले असं धरलं तरी ते १० वॉट, म्हणजे १२ व्होल्टच्या बाजूला एक अॅम्पिअरपेक्षा कमी. करडा २ चा किंवा जांभळा ३ चा फ्यूज पुरतो. तिथे पिवळा २० चा घातला, आणि ती वायर पुढच्या काचेच्या कडेच्या खांबाच्या आत पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली, तर फ्यूज आरामात बसून राहील आणि वायर तापत जाईल, तीही छताच्या कापडाला लागून. फ्यूज वारंवार उडत असेल तर दोष शोधायचा. त्याचा आकडा वाढवायचा नसतो.

वायर खांबातून वर नेताना आणखी एक: तिथे पडदा एअरबॅग (बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर वायर तिच्या मागून न्यायची, पुढून कधीच नाही.

आता सरळ बॅटरीवर जोडण्याबद्दल. त्याचा हिशेब सोपा आहे. उभ्या गाडीत कॅमेरा १२ व्होल्टवर ०.३ अॅम्पिअर घेतो असं धरा. दिवसाला ७.२ अॅम्पिअर-तास. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अॅम्पिअर-तासांची. अडीच दिवसांत निम्मी रिकामी, आणि हे नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीचं. तीन वर्षांच्या बॅटरीला शनिवार-रविवार पुरतो. सोमवारी सकाळी 'टक् टक्' आणि मग वॉचमनला धक्का मारायला हाक.

पार्किंग मोड, म्हणजे उभ्या गाडीतलं रेकॉर्डिंग, हवाच असेल तर तीन वायरींची किट घ्या. काळी अर्थिंगला. पिवळी बहुधा कायमच्या करंटवर, लाल स्विचच्या करंटवर; तरी रंग पुस्तिकेत बघूनच जोडा. बहुतेक किटमध्ये लाल वायरीचं काम निरोप्याचं असतं: गाडी चालू आहे की उभी, एवढं ती कॅमेऱ्याला सांगते. म्हणून दोन्ही वायरी कायमच्या करंटवर जोडल्या तर कॅमेऱ्याला वाटतं गाडी चोवीस तास चालतेय, आणि दोन्ही स्विचवर जोडल्या तर पार्किंग मोड कधी येतच नाही. किटमध्ये बॅटरीचं व्होल्टेज खाली गेल्यावर कॅमेऱ्याचा करंट तोडण्याची सोय असते. १२.२ व्होल्टला साधारण निम्मी बॅटरी उरते. पर्याय असतील तर त्याच्या आसपासचा निवडा, ११.६ चा सोडून द्या.

राहिला काळ्या वायरीचा स्क्रू. 'कुठलाही' स्क्रू प्लास्टिकमध्येच घुसलेला असतो, किंवा रंगावर. मीटर ओहमवर ठेवून एक पिन स्क्रूला, दुसरी अशा जागी लावा जी बॉडीचीच आहे याची खात्री आहे. आकडा शून्याच्या जवळ हवा. कंपनीने जिथे आधीच अर्थच्या वायरी बोल्टखाली घेतल्या आहेत ती जागा उत्तम. बॅटरीच्या निगेटिव्हवर थेट मात्र नको: सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या अनेक गाड्यांत तिथे करंट मोजणारा सेन्सर असतो, आणि त्याला वळसा घालून घेतलेला करंट त्याच्या हिशेबात येत नाही.

शेजारच्या मुलाच्या गाडीला पाच मिनिटांऐवजी पावणेदोन तास लागले. त्यातला अर्धा तास चहाचा. लॅच सोडायचं तो विसरलाच होता. दार आपटायला हात उचलला तेव्हा मी ओरडलो.