दुसऱ्याचे तारण तपासणाऱ्यांसाठी काही सूचना

आपल्या ख्रिस्ती मंडळीत वचनाचा अभ्यासू म्हणून नाव मिळवायचे असेल, तर आजाऱ्याच्या उशाशी बसणे, संडे स्कूलच्या मुलांकडून वचने पाठ करून घेणे असल्या वेळखाऊ उद्योगांत पडू नये. एकच प्रश्न हाती घ्यावा आणि तो मरेपर्यंत सोडू नये: विश्वासणाऱ्याने जाणूनबुजून पाप केले, तर त्याचे तारण, म्हणजे देवाने पापातून केलेली त्याची सुटका, जाते की राहते? या प्रश्नावर ख्रिस्ती लोक सतराशे वर्षांहून अधिक काळ भांडत आलेले असल्यामुळे तो आपल्या हातून चुकून सुटेल अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. शिवाय या वादाला भांडवल लागत नाही. एक पवित्र शास्त्र, त्यात लाल पेन्सिलीने अधोरेखित केलेली चार वचने, आणि ज्याच्या तारणाविषयी बोलायचे तो माणूस समोर नसणे, एवढ्यावर भागते.

प्रथम पक्ष ठरवावा. “जाते” म्हणणारे इब्रीकरांस पत्रातले इब्री १०:२६ घेऊन उठतात: सत्याचे ज्ञान झाल्यावरही आपण जाणूनबुजून पाप करीत राहिलो, तर पापांसाठी आणखी यज्ञ उरलेला नाही. “राहते” म्हणणारे योहानाच्या शुभवर्तमानातले योहान १०:२८ पुढे करतात: प्रभूच्या हातून त्याची मेंढरे कोणीही हिसकावून घेणार नाही. निवड करताना अभ्यासाचा शीण घेऊ नये. आजोबांचा बाप्तिस्मा कोणत्या मिशनच्या साहेबाने केला, एवढे घरात विचारावे, म्हणजे या विषयावर आपले ठाम मत काय आहे ते आपल्याला कळते. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनच्या माणसांनी पायपीट केली, कॅथलिक फादर आले, पुढे पत्र्याच्या शेडमध्ये पेन्टेकॉस्टल सभा भरू लागल्या, आणि सोयरिकी मात्र आडव्यातिडव्या झाल्या. त्यामुळे आता एकेका चुलीवर तिन्ही मते नांदतात आणि प्रतिपक्ष शोधायला गावाबाहेर जावे लागत नाही.

पक्ष ठरला की आपल्या वचनाच्या मागचेपुढचे वाचू नये. इब्री १०:२६ वाचणाऱ्याची नजर चुकून पंचविसाव्या वचनावर गेली, तर तेथे एकत्र जमणे सोडू नका, एकमेकांना धीर द्या, असे लिहिलेले सापडते. मग जो माणूस कित्येक रविवार उपासनेला दिसला नाही, त्याच्या घरी आपण का गेलो नाही, असा गैरसोयीचा प्रश्न उभा राहतो. एकोणतिसाव्या वचनावर गेली, तर देवाच्या पुत्राला पायाखाली तुडवणाऱ्याविषयी आणि कराराच्या रक्ताला तुच्छ लेखणाऱ्याविषयी हे चालले आहे असे दिसते, म्हणजे मुळात हा इशारा छळाला कंटाळून ख्रिस्ताकडेच पाठ फिरवू पाहणाऱ्यांना आहे, आणि पत्रलेखक त्यात स्वतःलाही धरतो. एकोणचाळिसाव्यापर्यंत पोहोचली, तर सगळाच घोटाळा होतो, कारण आपण माघार घेऊन नाश पावणाऱ्यांपैकी नाही, असा दिलासाही तोच माणूस त्याच दमात देतो. “राहते” पक्षाने योहानाच्या अठ्ठाविसाव्या वचनाआधीचे सत्ताविसावे वाचू नये, कारण तेथे मेंढरे मेंढपाळाची वाणी ऐकतात आणि त्याच्यामागे चालतात. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय तर या पक्षाने डिंक लावून चिकटवूनच टाकावा. कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय, हा प्रश्न पौलाने तेथे पहिल्याच वचनात विचारला आहे आणि दुसऱ्यात झिडकारला आहे.

स्वतःच्या पापाचे उदाहरण कधीही घेऊ नये.

इतिहासातील नावे पाठ करावीत, इतिहास मात्र वाचू नये. सम्राट डेशियसच्या छळात, सन २५०च्या सुमारास, अनेक विश्वासणाऱ्यांनी जिवाच्या भीतीने रोमच्या देवांना बळी वाहिले, काहींनी तर वाहिल्याचा दाखला पैसे मोजून मिळवला. छळ ओसरल्यावर ही माणसे रडत परत आली, तेव्हा तिथल्या नोव्हेशियन नावाच्या पाद्र्याने त्यांना दार बंद केले आणि २५१ साली तो रोममध्ये वेगळा बिशप होऊन बसला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने पश्चात्तापाची लांब वाट आखून दिली, पण दार उघडे ठेवले. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली सांगितले की प्राणघातक पापाने कृपा गमावली जाते, आणि त्याच बैठकीत हेही सांगितले की पापकबुलीच्या संस्काराने ती परत मिळते. शिवाय पाप प्राणघातक ठरायला गंभीर विषय, पूर्ण जाणीव आणि मनापासूनची संमती या तिन्ही गोष्टी लागतात, अशी कॅथलिक शिकवण आहे. हॉलंडात आर्मिनियस या धर्मपंडिताच्या अनुयायांनी १६१० साली पाच कलमे मांडली. त्यांतील पाचव्यात, विश्वासणारा पूर्णपणे घसरू शकतो का, याचा शास्त्रातून आणखी शोध घेतल्याशिवाय आम्ही शिकवू शकत नाही, असे त्यांनी प्रांजळपणे लिहिले. आपल्याकडे एवढा संकोच कोणी दाखवत नाही. त्यांना उत्तर देणाऱ्या डॉर्टच्या धर्मसभेने १६१९ साली देवाने निवडलेले लोक शेवटपर्यंत टिकतात असा निर्णय दिला खरा, पण दावीद आणि पेत्र यांची नावे घेऊन हेही लिहून ठेवले की विश्वासणारे घोर पापात पडू शकतात, त्याने पवित्र आत्म्याला दुःख होते, विवेकाला जबर जखम होते, आणि काही काळ कृपेची जाणीवसुद्धा नाहीशी होते. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली तारण गमावता येते असे शिकवत असे, आणि पार घसरलेल्यांपैकी हजारोंवर देवाने पुन्हा दया केली आहे, अशी त्याची खात्रीही होती. थोडक्यात, “जाते” म्हणणाऱ्यांनी परतीची वाट दाखवली आणि “राहते” म्हणणाऱ्यांनी पापाचे भय शाबूत ठेवले. ही दोन्ही अर्धी काळजीपूर्वक गाळावीत, म्हणजे आपल्या अभ्यासवर्गाला लागणारा मजकूर तयार होतो.

पाळकसाहेबांना मध्ये बोलू देऊ नये. त्यांचा पगार आपणच देतो.

पापाची निवड चोखंदळपणे करावी. मोहाची दारू चालते. तंबाखू चालते. लग्नात डीजेपुढे नाचलेला तरुण चालतो. तापाने फणफणलेले मूल काखेत घेऊन रात्री भगताच्या दारात गेलेली आई तर फारच चालते. अशा माणसांचे तारण, जिनिंगवर गाडीतील कापसाचा पुंजका ओढून प्रत ठरवावी, तसे दोन बोटांत धरून ठरवता येते. मात्र मुलीच्या बापाने “प्रेमाने दिलेली” मोटरसायकल, मंडळीच्या जमिनीच्या खटल्यात शपथेवर सांगितलेले खोटे, शेकडा दराने लावलेला पैसा आणि ऊसतोड मजुरांच्या मुकादमाच्या वहीतील उचल यांना या चर्चेत आणू नये. ही पापे दिवसाढवळ्या, शुद्धीवर, कधी कधी वकिलाचा सल्ला घेऊन केलेली असतात. त्यामुळे ती जाणूनबुजून केलेली मानत नाहीत. त्यांना व्यवहार म्हणतात.

आता जागा. वादासाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे ज्या घरातून नुकतीच शवपेटी निघाली ते घर. तेथे श्रोते उठून जाऊ शकत नाहीत, चहा आपोआप येतो, आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो उत्तर देण्याच्या पलीकडे गेलेला असतो. माझ्या चुलतभावाच्या दफनानंतर साक्री तालुक्यातील त्याच्या घरी सांत्वनाची प्रार्थना होती, तेव्हा आपल्या दोन अभ्यासूंनी ही सोय पुरेपूर वापरली. माझा भाऊ कन्व्हेन्शनमध्ये उभा राहून दारू सोडल्याची साक्ष देऊन आलेला माणूस होता. ती साक्ष खोटी नव्हती. काही वर्षे त्याने थेंबाला हात लावला नाही, आणि त्या काळात प्रत्येक उपासनेत त्याला पुढे बोलावून तीच साक्ष पुन्हा पुन्हा द्यायला लावली जाई, कारण पाहुणे आले की मंडळीला दाखवायला काहीतरी हवे असते. मग तो पुन्हा प्यायला लागला, गुजरातेत ऊसतोडीला जाऊ लागला, शेवटच्या हंगामातून डोळे पिवळे घेऊन परतला आणि गेला. पुन्हा प्यायला लागल्यापासून गावात परतेपर्यंत त्याला पुढे बोलावणाऱ्यांपैकी एकानेही त्याच्या दाराची कडी वाजवली नव्हती.

प्रार्थना संपली, गीत झाले, आणि अंगणातील सतरंजीवर चहा फिरू लागला. मंडळीतल्या एका वडिलांनी, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एल्डरांनी, बशीतला चहा फुंकत, कोणीही विचारलेले नसताना, इब्री दहावा अध्याय उघडला. त्याला सत्याचे ज्ञान झाले होते, त्यानंतर तो प्यायला, जाणूनबुजून प्यायला, तेव्हा आपण उगाच खोटी आशा लावू नये, असे त्यांचे म्हणणे पडले. समोर बसलेल्या निवृत्त गुरुजींना हे सहन झाले नाही. ते राहते-पक्षाचे. मला वाटले, हे तरी बरे बोलतील. गुरुजी म्हणाले की खऱ्या विश्वासणाऱ्याचे तारण जातच नाही, आणि ज्या अर्थी हा मागे फिरला, त्या अर्थी त्याचे तारण मुळात झालेलेच नव्हते. म्हणजे एकाच्या मते त्याने मिळवलेले गमावले आणि दुसऱ्याच्या मते त्याला कधी मिळालेच नव्हते. चारशे वर्षांचा डॉर्टचा तंटा आमच्या अंगणात येऊन दोन्ही बाजूंनी एकाच खड्ड्यापाशी थांबला, आणि त्या खड्ड्यात माझा भाऊ होता. चुलती उंबऱ्यात बसली होती. तिला वाचता येत नाही. दोघांचे बोलणे तिने बराच वेळ ऐकले आणि मग तिने अहिराणीत एवढेच विचारले, “मना आंडोर कोठे शे, इतलंच सांगा.” माझा मुलगा कुठे आहे, एवढेच. त्यावर वडिलांनी पानावरचा अंगठा न हलवता सांगितले, “काकी, हा शास्त्राचा विषय आहे,” आणि गुरुजींना पुढचे वचन काढायला लावले.

ते वडील कोण, हेही सांगणे भाग आहे. ते मुकादम आहेत. माझा भाऊ आणि वहिनी मिळून जो कोयता गुजरातेत जात असे, तो त्यांच्याच टोळीतला. पावसाळ्यात उचल द्यायची, हंगामभर दोघांकडून अंधारात उठवून तोडणी करून घ्यायची, आणि शेवटी हिशेबाला बसले की वहीत उलट बाकी वाढलेली दाखवायची, हा प्रकार वर्षानुवर्षे चालला. माणूस कावीळ घेऊन पडला, त्या दिवसांचा खाडा कापला गेला. औषधाला दिलेले पैसे व्याज लावून लिहिले गेले. हे नशेत झाले नाही. हातात पेन होते, चष्मा लावलेला होता, आणि शेते कापणाऱ्या कामकऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे व ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे, हे याकोब ५:४ या माणसाला तोंडपाठ आहे, कारण कापणीच्या सणाला त्यावर संदेश त्यानेच दिला होता. सत्याचे ज्ञान झाल्यावर जाणूनबुजून केलेले पाप याहून चोख कुठे शोधायचे? तरीही त्या सतरंजीवर बसलेल्या एकाही माणसाला, मुकादमाचे तारण जाते की राहते, असा प्रश्न पडला नाही.

मला यापुढे सूचना देत बसण्याची इच्छा नाही, म्हणून सरळ बोलतो. तुम्हा दोघांना लाज वाटायला हवी होती. तुमच्यापैकी कोण बरोबर, याच्याशी मला आज कर्तव्य नाही. इशारा खरा आहे आणि अभयही खरे आहे, पण इशारा स्वतःला ऐकवण्यासाठी आहे आणि अभय खचलेल्याला देण्यासाठी, आणि तुम्ही नेमके उलटे केलेत. जाणूनबुजून होणाऱ्या पापांपासून राख, असे स्तोत्र १९:१३ मध्ये दावीद म्हणतो, ते आपल्या स्वतःविषयी म्हणतो. त्याने शेजाऱ्याचे नाव घातलेले नाही. मरणास कारण होणारे पाप आणि न होणारे पाप असा भेद जेथे योहान करतो, तेथे भाऊ पाप करताना दिसला तर त्याच्यासाठी मागणे करा, हे तो आधी सांगतो. भेद तुम्हाला पाठ आहे, मागणे तुम्ही केले नाही. करिंथच्या मंडळीने एका माणसाला शिक्षा केली, तेव्हा आता पुरे, त्याला क्षमा करा, त्याचे सांत्वन करा, नाहीतर तो अतिदुःखाने बुडून जाईल, असे पौलाने लिहून कळवले. माझा भाऊ बुडत होता तेव्हा तुम्ही काठावर बसून वचने काढत होता, आणि तो बुडाल्यावर त्याच्या आईसमोर बसून पुन्हा तीच वचने काढलीत. गुरुजी, तुम्हाला मुकादमाच्या वहीची माहिती होती. साऱ्या गावाला होती. त्या दिवशी सिद्धान्तावरून आवाज चढवलात, तसा वहीवरून एकदा तरी चढवायचा होता.

आता वहिनीला घराबाहेर गाठून, भावाच्या नावावरची बाकी तिच्या नावावर चढवण्याची आणि दिवाळीनंतरच्या टोळीत तिला मोठ्या मुलासोबत कोयता धरायला लावण्याची बोलणी सुरू झाल्याचे माझ्या कानावर आले आहे. ती वही घेऊन या. त्याच अंगणात, त्याच सतरंजीवर, चुलतीसमोर उघडा. हिशेब मोठ्याने वाचा. मुलगा दहावीला आहे, त्याला बेरीज-वजाबाकी येते, तो तपासेल. शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयने लाटलेले चौपट परत करण्याचे कबूल केले होते, तुमच्याकडे चौपट कोणी मागत नाही. खाडे आणि व्याज काढून टाका, जी मजुरी निघेल ती मोजून वहिनीच्या हातात द्या, आणि गुरुजींनी साक्षीदार म्हणून खाली सही करावी. हे झाल्याशिवाय इब्रीकरांस पत्र घेऊन त्या दारात पुन्हा पाऊल टाकू नका.