"फॉगिंगने मधमाश्यांना काही होत नाही" या मेसेजला उत्तर

साताऱ्यातल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, की डासांच्या फॉगिंगने मधमाश्यांना काहीही होत नाही, मधपाळ उगाच ओरडतात. मी सोडून दिला असता, पण तो जावळीत माझ्या मामांपर्यंत पोचला. त्यांच्याकडे सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्या आहेत, गावात फॉगिंग व्हायचंय, आणि त्यांनी फोन करून विचारलं की मेसेजमध्ये लिहिलंय तशा पेट्या दिवसभर प्लास्टिकने बांधून ठेवू का. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी तो प्लास्टिकचाच मुद्दा, कारण त्याने उद्याच नुकसान होईल. "पेटी प्लास्टिकने घट्ट बांधा, दार बंद करा, संध्याकाळी सोडा." अहो, आत हजारो माश्या असतात, अंडी-अळ्या असतात तिथं त्यांना ३४-३५ अंश तापमान राखावंच लागतं, त्यासाठी त्या बाहेरून पाणी आणतात आणि दारात उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. हे दोन्ही बंद केलं आणि वरून ऑक्टोबरचं ऊन लागलं की माश्या आतल्या आत उकडून मरतात, मेण मऊ पडून पोळी खाली येतात. झाकायचंच तर ओलं गोणपाट, तेही सैल, दाराला बारीक जाळी, आणि संध्याकाळी लावून उजाडायच्या आत काढायचं. कृपा करून दिवसभर नको.

दुसरा मुद्दा वाचून खरंच डोकं फिरलं. "मधपाळ स्वतःच पेटीला धूर देतात, मग फॉगिंगचा धूर वाईट कसा?" मधपाळ गोणपाट, सुकं शेण, नारळाच्या शेंड्या जाळतो. त्या धुराने माश्यांनी सोडलेला धोक्याचा वास दबतो, आणि आग लागली समजून त्या पोटभर मध पिऊन घेतात, मग डंख मारायला फारशा येत नाहीत. यात विष कुठंय? फॉगिंग मशिनमधून निघतात ते बहुतेक वेळा डिझेलमध्ये कालवलेल्या कीटकनाशकाचे बारीक थेंब, मॅलेथिऑन नाहीतर सायफेनोथ्रिनसारखं पायरेथ्रॉइड गटातलं औषध, आणि ही दोन्ही मधमाशीला अतिशय विषारी आहेत. लांबून दोन्ही पांढरंच दिसतं, पण म्हणून एकच कसं होईल?

"औषध फक्त डासांनाच मारतं" हे तर सरळ खोटं. ही औषधं किड्याच्या मज्जासंस्थेवर काम करतात, समोर डास आहे का माशी हे औषधाला कळत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत, दक्षिण कॅरोलिनातल्या डॉर्चेस्टर काउंटीत झिकाचे रुग्ण सापडले म्हणून २८ ऑगस्टला सकाळी साडेसहा ते साडेआठ विमानातून नॅलेड फवारलं, म्हणजे मॅलेथिऑनच्याच गटातलं औषध. समरव्हिलच्या एकाच मधपालन फार्मवरच्या ४६ पेट्या गेल्या, लाखो माश्या. एरवी तिथं नोंद असलेल्या मधपाळांना आधी कळवतात, त्या वेळी सगळ्यांना कळवलं गेलं नाही. आता ते विमान होतं आणि आपल्याकडे खांद्यावरचं मशिन, एवढा फरक मान्य. पण माश्या चरायला निघायच्या वेळीच मारलं तर काय होतं ते यातून दिसतं.

"रात्री माश्या आत असतात" हे मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागेल. सूर्य मावळल्यावर फवारलं तर पेटीतल्या माश्यांना धोका बराच कमी होतो. पण उकाड्यात त्या दाराबाहेर घोसाने लटकून बसतात. आणि आग्या माशीचं काय? तिचं पोळं झाडाला नाहीतर पाण्याच्या टाकीखाली उघड्यावर, झाकायला काही नाही, वर चांदण्या रात्री ती चरायलासुद्धा जाते.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो हे खरं, पण म्हणून "भर दुपारी फॉगिंग करा" हे चूक, तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते आणि धूरही तिच्याबरोबर वर जातो, डास तसेच राहतात आणि फुलावरची माशी सापडते. "धुरात नुसता कडुलिंब असतो" हा मुद्दा सोडूनच देतो, मशिनमध्ये काय घातलंय ते डब्यावर वाचा.

डेंग्यूची भीती मलाही आहे, साथ असेल तर फॉगिंग करावं लागतं. पण त्याने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार. आठवड्यातून एकदा पिंप-हौद घासून कोरडे करणं, गप्पी मासे सोडणं, साठलेल्या पाण्यात बीटीआय (डासांच्या अळ्या मारणारे जिवाणू) टाकणं, यातल्या कशानेही मधमाशी मरत नाही. महाबळेश्वरला राज्याचं मध संचालनालय आहे, मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, आणि त्याच जिल्ह्यात आपण असले मेसेज पुढं ढकलतोय याचं वाईट वाटतं.

ग्रामपंचायतीला सांगायचं ते एवढंच, की फॉगिंगच्या आदल्या दिवशी मधपाळांना कळवा, वेळ सूर्य मावळल्यानंतरची ठेवा, आणि पेट्या, आग्याची पोळी, फुलावर आलेली झाडं असतील तिकडं मशिनचं तोंड वळवू नका.